ग्राही, प्रतिकारपेशींचे : कुष्ठरोगातील शोथ आणि औषधयोजना

प्रतिकारपेशींच्या पृष्ठभागावर किंवा अंतर्भागात असणारी, विशिष्ट रेणूशी संयोग होताच पेशीचे वर्तन पालटणारी प्रथिने म्हणजे ग्राही. जंतूची ओळख, शेजारच्या पेशीचा संदेश आणि अंतःस्रावी ग्रंथींचा प्रभाव ही तिन्ही पेशीपर्यंत ग्राहींच्या द्वारेच पोहोचत असल्यामुळे, शोथ जेथे रोगापेक्षाही अधिक हानी करतो, तेथे औषधाचे लक्ष्य जंतू न राहता ग्राही हेच ठरते. या तत्त्वाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण कुष्ठरोगात, आणि त्यातही वर्धा जिल्ह्यात, सापडते.

आर्वी तालुक्यातील रोहण्यापासून सेवाग्रामपर्यंतच्या या मुलखाचा कुष्ठसेवेशी संबंध जुना आहे. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांच्या रोगजर्जर देहाची शुश्रूषा गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात स्वहस्ते केली. आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानाच्या वतीने डॉ. वर्देकरांनी गावोगाव पाहणी, शिक्षण व उपचार यांची जी पद्धत बसवली, तिच्यामुळे रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता दवाखानाच रोग्याच्या दारी जाऊ लागला. पुढे डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमिन यांचा संयुक्त उपचार १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत देशातील ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णप्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आल्याने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे शासनाने जाहीर केले. जंतूविरुद्धचा हा विजय खरा आहे; परंतु हाताची बोटे वाकडी होणे, पाऊल लुळे पडणे, डोळ्याची पापणी न मिटणे ही जी विकृती समाजाला भेडसावते, तिचा मोठा भाग जंतूने नव्हे, तर जंतूला उत्तर देणाऱ्या शरीराने घडविलेला असतो, ही गोष्ट त्या विजयाच्या आनंदात मागे पडली.

हान्सेनने १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठजंतू मज्जातंतूंच्या आवरणपेशींत ठाण मांडतो. त्याच्या भित्तिकेतील मेदयुक्त प्रथिने टोल-सदृश ग्राही क्रमांक १ व २ यांची जोडी ओळखते. ज्या रुग्णांचा प्रतिकार बळकट असतो त्यांच्या चट्ट्यांत हे ग्राही अधिक ठळकपणे आढळतात. (टोल-सदृश ग्राहींच्या संशोधनासाठी हॉफमान व ब्यूटलर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.) ग्राही उद्दीपित झाले की भक्षकपेशी अर्बुदनाशक घटक अर्थात टीएनएफ स्रवू लागतात, टी-पेशी आपल्या ग्राहींच्या मार्गाने जंतूचे अंश ओळखून तेथे गोळा होतात, आणि शोथ पेटतो.

हा शोथ दोन प्रकारच्या प्रतिक्रियांनी उसळतो. पहिल्यात टी-पेशींच्या हल्ल्याने जुने चट्टे लाल होऊन सुजतात व मज्जातंतू दुखरे होतात. दुसऱ्यात, विशेषतः जंतूंचा भार मोठा असलेल्या रुग्णांत, ज्वरासह नडगीवर व हातांवर तांबड्या दुखऱ्या गाठी उमटतात, डोळे व वृषण सुजतात, आणि टीएनएफचे प्रमाण वाढलेले दिसते. जंतू मेले तरी त्यांचे अवशेष ऊतकांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, राहत असल्यामुळे औषधाची मुदत पुरी करून बरा झालेला, दप्तरातून नाव कमी झालेला शेतमजूर पुन्हा तापाने फणफणतो, आणि रोग उलटला किंवा गोळ्या बाधल्या असे समजून घरीच बसून राहतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीत बोटांनी चाचपल्यास अल्नर मज्जातंतू जाड दोरीसारखा लागतो. तो दाबताच रोगी कळवळला आणि करंगळी दूर ताणून धरण्याची त्याची ताकद घटलेली आढळली, तर तेवढ्या तपासणीवरून शोथ मज्जातंतूपर्यंत पोहोचल्याचे ओळखता येते. यास यंत्र लागत नाही.

औषधांपैकी अग्रस्थान प्रेडनिसोलोनला आहे. त्याचे लक्ष्य ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर नसून पेशीद्रवात असतो. औषधाशी संयोग होताच तो केंद्रकात शिरतो आणि शोथजनक जनुकांचा अंमल आवरतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड औषधांच्या उपयुक्ततेचा पाया घालणाऱ्या हेंच, केंडाल व राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. थॅलिडोमाइडचा इतिहास अधिक विदारक आहे. गर्भवतींनी घेतल्याने अपंग बालके जन्मल्यावर १९६१ मध्ये बाजारातून काढलेले हे औषध कुष्ठरोग्यांच्या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रियेत गुणकारी ठरते, हे जेरूसलेम येथील शेस्किन यांना १९६४ मध्ये झोपेसाठी ते देताना आढळले; ते टीएनएफचे उत्पादन घटविते हे १९९१ मध्ये, आणि सेरेब्लॉन या प्रथिनाला ते चिकटते हे २०१० मध्ये स्पष्ट झाले. सेरेब्लॉन हा रूढ अर्थाने प्रतिकारपेशीचा ग्राही नव्हे, म्हणून हे औषध ग्राहींवर काम करणाऱ्या औषधांच्या सीमेवर ठेवणे योग्य. पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेत ते उपयोगी नाही, आणि गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला ते देणे अक्षम्य आहे.

अलीकडील जैव औषधांत एटॅनरसेप्ट (१९९८) हा टीएनएफ-ग्राहीच्याच एका भागापासून बनवलेला असून, खऱ्या ग्राहीपर्यंत पोहोचण्याआधी टीएनएफ रक्तातच टिपून घेतो. किशिमोतो यांच्या संशोधनातून निपजलेले टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ च्या ग्राहीला अडवते. भारतात २०१३ मध्ये सोरायसिसकरिता मान्यता मिळालेले इटोलिझुमॅब टी-पेशींवरील सीडी-६ या ग्राहीवर बेतलेले आहे. कुष्ठ-प्रतिक्रियेत टीएनएफरोधकांचा वापर तुरळक रुग्णांपुरताच आहे, आणि तो तसाच राहणे हिताचे. कारण टीएनएफ हाच क्षयजंतूला कोंडून ठेवणारा पहारा असल्याने तो उठताच सुप्त क्षय जागा होतो, हे संधिवाताच्या रुग्णांत २००१ मध्येच दिसून आले आहे. क्षयाने व्यापलेल्या विदर्भात ही जोखीम केवळ कागदोपत्री नाही.

म्हणून वर्धा जिल्ह्यातील रुग्णासाठी आजचे योग्य औषध हे महाग जैव औषध नसून वेळेवर सुरू केलेले, वजनानुसार दिलेले, मधुमेह व रक्तदाबावर लक्ष ठेवून हळूहळू कमी केलेले प्रेडनिसोलोनच होय. औषधमुदत संपताना प्रत्येक रुग्णास नवी गाठ, दुखरी नस किंवा हातापायातील घटती ताकद ओळखण्यास शिकवावे, आणि ती दिसताच त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठण्यास बजावावे; मज्जातंतूची दुर्बलता सहा महिन्यांपेक्षा जुनी झाल्यावर या उपचाराने ती भरून येण्याची आशा फार थोडी उरते.