'गृहीत'चे अर्थ आणि वत्सगुल्म

इंग्रजीतील 'असम्प्शन' या नित्याच्या शब्दासाठी मराठी समीक्षेने 'गृहीत' किंवा 'गृहीतक' हा पर्याय स्वीकारून बराच काळ लोटला आहे. मात्र हा स्वीकार अर्धाच आहे. ज्या लॅटिन क्रियापदापासून हा इंग्रजी शब्द आला त्याचा अर्थ 'आपल्याकडे घेणे' असा आहे. त्यातून सिद्धतेवाचून एखादी गोष्ट खरी मानणे, पदभार वा जबाबदारी स्वीकारणे, एखादे रूप धारण करणे, सत्ता हाती घेणे, असे अर्थ फुटले. मरियेला सदेह स्वर्गात घेतले गेले, या श्रद्धेचा १५ ऑगस्टचा सण त्याच नावाने ओळखला जातो आणि इंग्रजीत हा शब्द प्रथम आला तो या धार्मिक अर्थाने. मराठीत या प्रत्येक अर्थाला स्वतंत्र क्रियापद आहे. ही समृद्धीच होय. पण तिच्यामुळे 'मानणे' आणि 'जबाबदारी घेणे' यांतील नाते मराठी वाचकाच्या नजरेआड राहते. 'गृहीत'च्या मुळाशीही 'ग्रह्' म्हणजे घेणे हाच धातू असताना, 'गृहीत धरले' असे म्हणताना कुणी काही घेतले आहे याचे भान उरत नाही.

न्यायदर्शनाला हे भान होते. न्यायसूत्रांत सिद्धांताचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील 'अभ्युपगम' म्हणजे न तपासलेली गोष्ट तिच्या विशेषांचा विचार करता यावा म्हणून तूर्त मान्य करणे. 'तूर्त' हा त्यातील कळीचा भाग. वाङ्मयेतिहासात नेमका तोच गळून पडतो.

तूर्त घेतलेले कायमचे कसे होते, याचे उदाहरण वाशीम ज्या वऱ्हाडात आहे त्या प्रदेशाच्या राजकीय इतिहासातच आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीकडे सोपवले ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. कारभार इंग्रजांचा, सार्वभौमत्व निजामाचे. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांवर तोच प्रदेश कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. मालकी कुणाची हा प्रश्न कागदावर जिवंत राहिला, व्यवहारात मात्र तो विचारण्याचे कारण उरले नाही.

अभ्यासक्षेत्रातील गृहीतांचेही असेच होते. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीम येथून राज्य करीत होती, हे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत कुणाच्या ध्यानात आले नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा लेख आहे आणि त्यात ती वंशावळ आहे. परंतु अक्षरे झिजलेली होती, आणि वंश एकच असे मनात असल्याने लेखही त्याच वंशाशी जुळवून वाचला गेला. वाचकांचे पांडित्य कमी पडले असे म्हणता येणार नाही; त्यांच्या प्रश्नातच उत्तर दडलेले होते. १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील असून त्याचा वंशवर्णनाचा भाग संस्कृतात, उरलेला प्राकृतात आहे. त्यानंतर वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, तेव्हा सर्वसेन तिथे होताच.

या शोधाने एक गृहीत मोडले, पण दुसऱ्याला बळ दिले. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त रीतींच्या नावांत वैदर्भीच्या जागी 'वच्छोमी' येते, आणि 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मात लागतो. सर्वसेन हा 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता. यांवरून वैदर्भी रीतीचे माहेर वाशीम, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो आकर्षक आहे. विदर्भातील अभ्यासकाला तर फारच. पण राजशेखर सर्वसेनानंतर पाचेक शतकांनी लिहितो आहे. त्याची साक्ष वत्सगुल्माच्या कीर्तीची आहे, तेथील काव्याच्या घडणीची नव्हे. शिवाय देशनामाचा अर्थ काय घ्यावा हे काव्यशास्त्रातच वादग्रस्त आहे. वामनाच्या मते त्या त्या प्रदेशातील कवींत आढळली म्हणून रीतीला ते नाव, एरवी देशाचा काव्याला काही उपकार नाही. कुंतक आणखी पुढे जातो. देशांवरून रीती ठरवायच्या तर देश अनंत म्हणून रीतीही अनंत मानाव्या लागतील. मामेबहिणीशी लग्न हा जसा देशाचार, तसे काव्य नव्हे, असे तो बजावतो. (मामेबहिणीच्या लग्नाचा दाखला महाराष्ट्रातील वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागू नये.)

कुंतक देशनामे टाकून कविस्वभावावर आधारलेले मार्ग सांगतो आणि सुकुमार मार्गाचे कवी म्हणून कालिदासाच्या जोडीला सर्वसेनाचे नाव घेतो. वत्सगुल्माच्या राजाला मिळालेला हा मान त्याच्या गावाला वगळून मिळालेला आहे. 'हरिविजय' पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र आदींच्या उल्लेखांतून आणि अवतरणांतूनच ते ओळखावे लागते, आणि ही अवतरणे काव्यशास्त्रकारांनी आपापल्या सिद्धांतांच्या सोयीने निवडलेली आहेत. त्यांवरून सर्वसेनाची शैली सांगणारा अभ्यासक त्या निवडीचाही भार स्वीकारीत असतो.