‘कोणी पाहिले?’ : उत्क्रांतिवादावरील एक आक्षेप आणि त्याचा प्रतिवाद
(महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे अखिल भारतीय वैदिक संमेलन भरले होते. त्या निमित्ताने शहरात आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी १९ जानेवारी रोजी पत्रकारांशी बोलताना डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे मत मांडले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठे लिहिलेले नाही, माणूस पृथ्वीवर पहिल्यापासून माणूसच आहे आणि म्हणून शालेय व महाविद्यालयीन अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हे मत एखाद्या प्रवचनकाराने मांडले असते तर ते कदाचित दुर्लक्षित राहिले असते. परंतु ते उच्च शिक्षणाशी संबंधित मंत्र्याने मांडले होते आणि त्याचा रोख अभ्यासक्रमाकडे होता. या आक्षेपाला कोणी व कसे उत्तर दिले आणि त्या उत्तरात काय राहून गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रज्ञांचा प्रतिवाद

भारतातील शास्त्रज्ञ संस्था सार्वजनिक वादांपासून सामान्यतः दूर राहतात. या वेळी मात्र नवी दिल्ली, बंगळुरू आणि अलाहाबाद येथील तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी दोनच दिवसांत संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांविषयी वैज्ञानिकांमध्ये वाद नाही, या सिद्धांतावर आधारलेली अनेक भाकिते प्रयोगांनी व निरीक्षणांनी खरी ठरली आहेत आणि अभ्यासक्रमातून तो वगळणे वा त्याच्या जोडीला अवैज्ञानिक स्पष्टीकरणे देणे हे मागे नेणारे पाऊल ठरेल, असे त्यात स्पष्टपणे नमूद केले होते. मंत्र्यांनी विधान मागे घ्यावे अशी मागणी करणाऱ्या पत्रावर शेकडो शास्त्रज्ञांनी आणि विज्ञानप्रेमी नागरिकांनी सह्या केल्या. अखेर ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्यास अशी विधाने टाळण्यास सांगितल्याचे जाहीर केले आणि अभ्यासक्रम बदलण्याचा विचार नसल्याचे स्पष्ट केले.

प्रतिवाद यशस्वी झाला, असे त्या आठवड्यापुरते म्हणता येते. तथापि सत्यपाल सिंह यांनी आपली भूमिका सोडली नाही. १९ जुलै २०१९ रोजी लोकसभेत मानवाधिकार संरक्षण दुरुस्ती विधेयकावरील चर्चेत त्यांनी भारतीय हे ऋषींची संतती असल्याचे सांगितले. त्यावर कनिमोळी यांनी आपले पूर्वज ऋषी नसून होमो सेपियन्स होते व आपले आईवडील शूद्र होते, असे उत्तर दिले. उत्पत्तीच्या प्रश्नामागे समाजातील प्रतिष्ठेचा प्रश्नही असतो, हे या उत्तराने दाखवून दिले. महाराष्ट्राला ही जाणीव नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथाच्या आरंभीच ब्रह्मदेवाच्या अवयवांपासून चार वर्ण जन्मल्याच्या कथेला शरीरधर्माचे साधे प्रश्न विचारले होते. तेथे डार्विनचा आधार घेतलेला नाही. कथेला पुरावा मागण्याची वृत्ती मात्र तीच आहे.

‘पाहिले नाही’ या युक्तिवादाची मर्यादा

अकादमींचे निवेदन अचूक होते, परंतु निवेदनाचे बळ अधिकारात असते. सर्वसामान्य श्रोत्याच्या मनात ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. त्याचे उत्तर दोन पायऱ्यांनी द्यावे लागते. पहिली पायरी म्हणजे गैरसमज दूर करणे. आजच्या माकडापासून माणूस झाला असे उत्क्रांतिवाद सांगत नाही. दोघांचे पूर्वज समान होते, असे तो सांगतो. दुसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष न पाहिलेल्या घटनेचे ज्ञान कसे होते, हे दाखवणे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. सातवाहन राजांना आज कोणी पाहिलेले नाही. त्यांची नाणी व शिलालेख मात्र उपलब्ध आहेत.

जीवसृष्टीच्या इतिहासाचे असे शिलालेख विदर्भाच्या भूमीत विपुल आहेत. १८४५ मध्ये नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह या प्रदेशातील वनस्पतींचे व प्राण्यांचे जीवाश्म जमा केले. त्यांना मांगली येथे मिळालेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन लंडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले. गोळा करणारा धर्मप्रचारक आणि वर्णन करणारा पुढे डार्विनचा कठोर टीकाकार ठरलेला. पुरावा मात्र त्यांच्या मतांवर अवलंबून राहिला नाही. श्रद्धाळू माणसाला पुराव्याशी प्रामाणिक राहता येते, हेही हिस्लॉप यांच्या उदाहरणावरून दिसते.

वर्धा जिल्ह्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे पिसदुरा हे गाव डायनासोरच्या अस्थींसाठी आणि विष्ठेच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकायुक्त कण आढळल्याचे २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तोपर्यंत गवतांचे वैविध्य डायनासोर नष्ट झाल्यानंतरच्या काळातले मानले जात असे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या पुराव्याने ती समजूत बदलली. आपली मांडणी पुराव्यापुढे दुरुस्त करणे हे विज्ञानाचे बलस्थान आहे. विरोधक याच दुरुस्तीकडे बोट दाखवून सिद्धांत डळमळीत असल्याचे सांगतात. वस्तुतः येथे गवताचा काळ बदलला, उत्क्रांतीचे तत्त्व नव्हे.

अभ्यासक्रमाचा प्रश्न

हा वाद सुरुवातीपासूनच अभ्यासक्रमाचा होता आणि त्याचा खरा निकालही तेथेच शोधावा लागतो. २०१८ मध्येच महाराष्ट्र राज्य मंडळाचे इयत्ता दहावीचे नवे विज्ञान पुस्तक आले आणि त्याच्या दुसऱ्या भागातील पहिले प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे होते. याउलट राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातील याच नावाच्या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग कोविड काळातील भार कमी करण्याच्या कारणाने वगळण्यात आला आणि २०२३ च्या आवृत्तीत ‘आनुवंशिकता’ एवढेच शीर्षक उरले. बारावीच्या जीवशास्त्रात विषय कायम होता. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या विद्यार्थ्याशी त्याची गाठ पडणार नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्राद्वारे विरोध नोंदवला. जाहीर भाषणाने जे २०१८ मध्ये साधले नव्हते, ते पाच वर्षांनी कोणत्याही भाषणाविना घडले.

या संदर्भात वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेचे स्मरण उचित ठरते. परिषदेने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगाबरोबरच सामान्य विज्ञानालाही अभ्यासक्रमात स्थान दिले आणि अचूक निरीक्षणाची व अनुभव प्रयोगाने पडताळण्याची सवय लावणे हे त्याचे एक उद्दिष्ट ठरवले. परंपरेविषयी आदर बाळगणाऱ्या या योजनेलाही पडताळणीची सवय धर्मविरोधी वाटली नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले, तेही याच दिशेचे पाऊल होय.

निष्कर्ष

औरंगाबादच्या विधानाला मिळालेले उत्तर तत्पर व धैर्याचे होते, परंतु ते प्रामुख्याने पत्रकांच्या पातळीवर राहिले. पत्रक विधानाला थांबवू शकते. वर्गात निर्माण झालेली पोकळी भरू शकत नाही. ती भरण्याचे काम महाविद्यालयीन अध्यापकाचे आहे, मग त्याचा विषय प्राणिशास्त्र असो, भूगोल असो वा इतिहास. वर्ध्याहून पिसदुरा एका दिवसाच्या अभ्याससहलीच्या अंतरावर आहे. ‘कोणी पाहिले?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न हसून टाळण्याजोगा नाही. तो पुराव्याची मागणी करणारा प्रश्न आहे आणि त्याला तेथील दगड दाखवणे हेच त्याचे योग्य उत्तर आहे.