फुफ्फुसाचा कर्करोग: मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट उपचार कसे ठरवतात?

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "केमो कधी सुरू करणार?" डॉक्टर मात्र आणखी एक तपासणी सांगतात आणि रिपोर्टसाठी थांबायला सांगतात. हे दिवस वाया जात नाहीत. आजार पसरलेला असेल तर बरेचदा याच रिपोर्टवरून औषध ठरते.

मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट काय करतात?

केमोथेरपी, टार्गेटेड गोळ्या, इम्युनोथेरपी अशा औषधांनी कर्करोगावर उपचार करणारे हे तज्ज्ञ. शस्त्रक्रिया सर्जन करतात, रेडिएशनचे तज्ज्ञ वेगळे असतात. आजार लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. पसरल्यावर तो सहसा पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी आटोक्यात ठेवता येतो.

निदानाला उशीर का होतो?

खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे टीबीतही दिसतात. एक्स-रेमधला डागही सारखा वाटू शकतो. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नसतील आणि औषधे घेऊनही फरक पडत नसेल, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीबद्दल डॉक्टरांना विचारा. मुळशीच्या आतल्या गावांतून पौडला किंवा पुण्याला येणे सोपे नाही, तरी ही फेरी टाळू नका. विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्यांनाही हा आजार होतो. वर्षानुवर्षे चुलीचा धूर श्वासात जाणे हेही त्याचे एक कारण आहे.

जनुकांची तपासणी कशासाठी?

बायोप्सीच्या तुकड्यात ईजीएफआर, एएलके अशा जनुकांमधले बदल शोधतात. हे बदल आई-वडिलांकडून आलेले नसतात, ते गाठीच्या पेशींत झालेले असतात. भारतात ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारात साधारण चारपैकी एका रुग्णात ईजीएफआरचा बदल आढळतो. अशांना त्या बदलावर काम करणारी गोळी देता येते.

मुंबईत झालेले संशोधन

गोळीसोबत केमोही दिली तर? मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ या काळात ईजीएफआर बदल असलेले, आजार पसरलेले ३५० रुग्ण घेऊन हे तपासले. नुसती जेफिटिनिब गोळी घेणाऱ्यांचा आजार मध्यमान ८ महिने आटोक्यात राहिला, केमोही घेणाऱ्यांचा १६ महिने. एकत्र उपचाराने आयुष्यही वाढले. मात्र गंभीर दुष्परिणाम सुमारे चौथ्या हिश्श्याऐवजी निम्म्या रुग्णांत दिसले. २०२३ मध्ये ओसिमर्टिनिब या नव्या गोळीवर अनेक देशांत झालेल्या चाचणीतही केमो जोडल्याने आजार जास्त काळ आटोक्यात राहिला.

म्हणून शेजारच्या बेडवरच्या रुग्णाला जे औषध चालले, तेच तुमच्या रुग्णाला योग्य असेल असे नाही. वय, ताकद, मूत्रपिंडाचे काम आणि रुग्णाची इच्छा पाहून डॉक्टर निर्णय घेतात.

चाचणीत भाग घ्यावा का?

घाबरू नका, पण नीट विचारा. तुमच्या लेखी संमतीशिवाय नाव घालता येत नाही. कधीही बाहेर पडता येते, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

• बायोप्सीचे ब्लॉक, स्लाइड आणि सीडी जपून ठेवा. नव्या डॉक्टरांना त्या लागतात.
• केमो सुरू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.
• गोळ्यांमुळे पुरळ किंवा जुलाब होऊ शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना कळवा.
• गोळी सुरू असताना दम वाढला तर त्याच दिवशी दाखवा.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे हॉस्पिटलमधील आरोग्यमित्राला आधीच विचारा.
• वेदना, दम, झोप न लागणे हे सांगायला संकोच करू नका. त्यावरचे उपचार पहिल्या दिवसापासून सुरू करता येतात.