सातबारा : दप्तरापासून तळहातापर्यंत

श्रोतेहो, शहापूर-मुरबाडकडच्या भातशेतकऱ्याला सातबारा म्हणजे काय हे सांगायला नको. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते, आणि बारामध्ये त्या साली पीक कोणते ते लिहिलेले असते. या बाराकडे आपण जरा कमीच पाहतो. पण १९४८ चा कुळकायदा आला, पुढे १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आला आणि "जमीन कसतो कोण?" असा प्रश्न पडला, तेव्हा पीकपाहणीच्या नोंदीला मोल आले. ज्याचे नाव कागदावर, त्याच्या हाती पुरावा. ज्याचे नाही, त्याची हयात नांगरामागे गेलेली असली तरी त्याने साक्षीदार शोधायचे! आणि दप्तर तर तलाठ्याच्या कपाटात. निरक्षर कुळाने ते पाहायचे कसे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने फोनवर आपला गट नंबर शोधायचा, पीक भरायचे, शेतात उभे राहून फोटो काढायचा; जागेचे अक्षांश-रेखांश त्यासोबत जातात. रेंज मात्र मिळाली पाहिजे, बरं का!

सातबाराही आता फोनवर उघडून पाहता येतो. पण लेखनाची चूक दिसली तर ती बोटाने पुसता येत नाही. त्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज द्यावा लागतो.

आणखी एक. फोनवरची पीकनोंद होते खातेदाराच्या नावावर. तोंडी बोलीवर अर्धेलीने कसणाऱ्याचे नाव तिथे आपसूक येत नाही. अशांसाठी १९७१ च्या नियमांत गाव नमुना चौदा आहे : प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची आढळली, तर तलाठ्याने तसे कळवायचे आणि तहसीलदाराने चौकशी करायची.