चहाच्या मळ्यांमधून जाणारा रस्ता

श्रीलंकेत गाडीने फिरायचं तर एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी, घाई करायची नाही. कोलंबो ते कॅन्डी जेमतेम ११५ किलोमीटर, पण तीन-चार तास सहज जातात. आम्ही चौघं मित्र, एक व्हॅन, एक हसतमुख ड्रायव्हरदादा आणि हाताशी सात दिवस. कोलंबो, कॅन्डी, नुवारा एलिया, एल्ला. थांबत थांबत, चहा पीत. फोटो सगळ्यांकडेच असतात, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय ते ह्या रस्त्याबद्दल आणि दोन्ही बाजूंच्या हिरव्यागार डोंगरांबद्दल. कारण ते वाटतात तितके नैसर्गिक अजिबात नाहीयेत.

सुरुवात रस्त्यापासून. कॅन्डीचं राज्य पोर्तुगीजांना टिकवून जिंकता आलं नाही, डचांनाही नाही. जंगल आणि घाट हीच त्याची तटबंदी. इंग्रजांनी ते १८१५ मध्ये घेतलं, तेही राजावर नाराज असलेल्या सरदारांना हाताशी धरून. (गोष्ट ओळखीची वाटतेय ना? तीनच वर्षांनी इकडे पेशवाई बुडाली.) घेतलं खरं, पण राखायचं तर सैन्य वर चढायला हवं. म्हणून गव्हर्नर एडवर्ड बार्न्सने १८२० च्या दशकात हा रस्ता बांधून घेतला. कडुगन्नावाच्या घाटात एक अख्खा खडक आरपार पोखरून त्यातून रस्ता काढलाय. आता वाहतूक शेजारून जाते, पण खडक तसाच आहे. डोंगर फोडून जो येईल तोच कॅन्डी जिंकेल, अशी आख्यायिका सांगतात. जवळच रस्त्याचा इंजिनिअर कॅप्टन डॉसन याच्या स्मरणार्थ मनोरा आहे. खडक पोखरणारे हात मात्र 'राजकारिय' ह्या जुन्या वेठबिगारीच्या पद्धतीने आणलेले होते. आपल्या बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा, म्हणजे दोन्हीकडे काम साधारण एकाच काळात चाललं होतं.

रस्ता झाला आणि त्यावरून कॉफी आली. जंगलं तोडून मळे लागले. १८६७ मध्ये कॅन्डीपर्यंत रेल्वे पोचली. आणि १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा पडला! आपल्याकडे गव्हावर पडतो तशाच जातीची बुरशी. पुढच्या वीसेक वर्षांत कॉफीचा धंदा जवळपास संपला. नशीब असं की जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्येच लूलकंदेरा इथे १९ एकरांत चहा लावून ठेवला होता. मळेवाले चहाकडे वळले आणि आज दिसतात ते डोंगर तयार झाले.

आता मुख्य मुद्दा. मळ्यांवर राबायला कॅन्डीचे शेतकरी सहसा तयार नव्हते. म्हणून मद्रास इलाख्यातून तमिळ मजूर आणले गेले. समुद्र ओलांडून मन्नारला उतरायचं आणि तिथून जंगलातून चालत मातलेपर्यंत यायचं. वाटेत तापाने, कॉलऱ्याने किती मेले त्याला गणती नाही. त्यांना आणायचा तो 'कंगाणी'. कंगाणी म्हणजे आपला मुकादम. ऊसतोडीची उचल ज्यांना माहितीय त्यांना पुढचं सांगायला नको. आधी पैसे, मग कर्ज, मग कर्ज फिटेपर्यंत मळा सुटत नाही.

कॉफी होती तोवर बरेच मजूर हंगाम संपला की परत जायचे. चहाला हंगाम संपणं हा प्रकारच नाही. आठवडा-दहा दिवसांत पुन्हा कोवळी पानं खुडायला तयार. त्यामुळे बायकापोरांसकट अख्खी कुटुंबं मळ्यातच राहिली. बराकींसारख्या खोल्यांच्या रांगा, त्यांना तिथे 'लाइन'च म्हणतात, आजही रस्त्यावरून दिसतात. एका झुडपाच्या वेळापत्रकाने लाखो माणसांचं गाव बदललं.

मग १९४८ आलं. देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला. बाप इथे जन्मला होता हे सिद्ध करा, नाहीतर आजोबा आणि पणजोबा दोघंही. मळ्यात जन्मलेल्या माणसाकडे बापाच्या जन्माचा कागद कुठून असणार? बहुसंख्य मळा कामगार नागरिक उरले नाहीत आणि पाठोपाठ मतदानाचा हक्कही गेला. ते भारताचेही नागरिक नव्हते.

१९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदारनायके यांच्यात करार झाला. एकूण ९,७५,००० माणसं. त्यातली ५,२५,००० भारताची, ३,००,००० श्रीलंकेची. उरलेली दीड लाख नंतर बघू, असं ठरलं, आणि १९७४ मध्ये ती निम्मी निम्मी वाटून घेतली. कोणी माणसांची अशी वाटणी करतं का हो? भारतात आलेल्यांसाठी तमिळनाडू सरकारने निलगिरीत चहाचे मळे काढले. म्हणजे देश बदलला, पाठीवरची टोपली तीच. तिकडे उरलेल्यांचा प्रश्न कागदोपत्री मिटायला २००३ चा कायदा यावा लागला.

व्हॅनमध्ये ह्यावर बरीच चर्चा झाली. आमच्यातला एकजण कित्येक वर्षं परदेशात वर्क व्हिसावर आहे. तो म्हणाला, "माझंही राहणं कामाला बांधलेलंच आहे. फक्त मला परत जायला घर आहे." त्यावर कोणी काही बोललं नाही.

२०२३ मध्ये ह्या स्थलांतराला २०० वर्षं झाली, तेव्हा त्यांचे वंशज आणि त्यांचे मित्र तलैमन्नारपासून मातलेपर्यंत चालत गेले, पूर्वज आले त्याच दिशेने. ते स्वतःला 'मलैयह' तमिळ म्हणवतात. मलै म्हणजे डोंगर. मला हे नाव फार आवडलं. ज्यांनी ते डोंगर घडवले, त्यांनी डोंगराचंच नाव घेतलं. त्याला कुठल्या दाखल्याची गरज नाही.