उधाण, खाडी आणि खांदेरी : १६७९

१/ कासारसाईच्या धरणावर आषाढात कोसळणारा पाऊस अरबी समुद्रावरून येतो. तेच नैर्ऋत्य वारे उत्तर कोकणचा समुद्र खवळवतात. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत.

२/ ऑगस्ट १६७९. पावसाळा सरलाही नव्हता, तोच शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी खांदेरी बेटावर उतरले. तटबंदी सुरू झाली. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी. इंग्रजांना ते रुचणे शक्यच नव्हते.

३/ इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची कोंडी केली. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला; त्यात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला.

४/ येथे भरती-ओहोटीचे गणित कळीचे ठरते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. ओहोटीला खाडीचे मुख उथळ होई आणि खोल बुडाची जहाजे बाहेरच अडत. मराठ्यांच्या उथळ, वल्ह्यांच्या होड्या मात्र नागावच्या खाडीतून निघत आणि रात्रीच्या अंधारात रसद पोहोचवत.

५/ १८ ऑक्टोबरला दौलतखानाने हल्ला चढवला. इंग्रजांचे ‘डोव्हर’ गुराब हाती लागले. परंतु ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे मराठी होड्यांना खाडीत परतावे लागले. पाठलाग करणारे तिथे शिरू शकले नाहीत.

६/ खुल्या समुद्रात इंग्रज वरचढ होते, तरी रसद थांबली नाही. जानेवारी १६८० मध्ये तह झाला, खांदेरी स्वराज्यातच राहिली. तोफा इंग्रजांच्या मोठ्या होत्या. किनाऱ्याचे पाणी मराठ्यांच्या ओळखीचे होते.