वाड्याचा झाडू

चांदूरकर मंडळी अलीकडे एका गोष्टीवर एकमताने बोलतात, आणि आपल्या गावात एकमत होणे दुर्मिळ म्हणून ती मुद्दाम सांगतो. मोठे घर आता झेपत नाही, हे ते एकमत. बारा-पंधरा खोल्यांचा वाडा, त्यात दोन म्हातारी माणसे, नऊ खोल्यांना कुलूप. मुले पुण्याला किंवा त्याही पलीकडे. मग एके दिवशी वाडा विकायचा, आणि अमरावतीला साईनगरात किंवा रहाटगावच्या बाजूला रो-हाऊस घ्यायचे. भिंतीला भिंत लागून शेजारी, खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे गाडीपुरते अंगण. असे का केले म्हणून विचारले तर गुडघे सांगतात, मुले सांगतात, आणि शेवटी एक वाक्य हमखास येते : "माणूस मिळत नाही हो."

माणूस मिळत नाही. माझे आयुष्य माणसांची संघटना बांधण्यात गेले, त्यामुळे हे वाक्य मला इतरांपेक्षा जरा मोठ्याने ऐकू येते. पूर्वी माणूस मिळत होता तो कोठून मिळत होता, कोणत्या भावाने मिळत होता, आणि तो मिळेनासा का झाला, एवढा इतिहास या व्याख्यानात सांगावा असा विचार आहे. मी शाळेत फार शिकलेलो नाही. जे वाचले ते वाचनालयात आणि गाडीची वाट पाहताना फलाटावर वाचले. तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. वऱ्हाडचे वाडे म्हणजे मालगुजारांचे वाडे, असे बाहेरचे लोक सर्रास म्हणतात. मालगुजारी होती ती नागपूर-वर्ध्याकडे. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि पुढच्या दशकात येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन मुख्यत्वे रयतवारी लागू झाली. सारा रयतेने सरळ सरकारात भरायचा म्हटल्यावर देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम संपले. त्यांचा जुना मुक्काम म्हणजे गढी. गावच्या उंचवट्यावर पांढऱ्या मातीची, जाड भिंतींची, बुरूज असलेली. ती संरक्षणासाठी होती. वाडा ही निराळी वस्तू. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी बडनेरा-चांदूर-धामणगाव करीत नागपूरला पोचली. चांदूर बाजारापासून वेगळे ओळखू यावे म्हणून आपले चांदूर 'रेल्वे' झाले, आणि रुळाच्या काठाने जिन व प्रेस उभे राहिले. आज वऱ्हाडात जे वाडे फार पुरातन म्हणून दाखवतात त्यांतले पुष्कळसे, माझ्या मते, याच कापसाच्या पैशाचे आहेत. म्हणजे आपल्या रेल्वेहून फार जुने नाहीत.

आता हा वाडा वर्षभर उभा राहायचा कसा ते पाहू. चैत्र-वैशाखात कवेलू फेरायचे. एकेक कवेलू खाली घ्यायचा, फुटका बाजूला काढायचा, कुजलेला बांबू बदलायचा, पुन्हा रचायचे. वानरांची टोळी छपरावरून एकदा गेली की आषाढात कोणत्या खोलीत गळणार ते ठरलेले. जिथे धाबे असेल तिथे पावसाळ्यापूर्वी खारी माती आणून अंथरायची आणि चोपायची. पाऊस सरला की भिंती छाबायच्या, वर पांढऱ्या मातीचा पोतारा. जमीन आठवड्याला सारवायची, अंगणात रोज सडा. वाळवी लागू नये म्हणून सागवानी खांबांना तेल. विहिरीवरून पाणी शेंदायचे, आणि माणसांच्या पाण्याहून गुरांचे पाणी जास्त. गोठ्याचे शेण, गोवऱ्या, सरपणाच्या पऱ्हाट्या, पेवातली नि कणगीतली ज्वारी वर काढून वाळवणे, जात्यावरचे दळण, कंदिलाच्या काचा. आणि मागच्या दाराने रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन येणारी एक बाई, जिचे नाव वाड्यातल्या पोरांना कधी ठाऊक नसे. संडासाची ही पद्धत बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा अधिक कडक २०१३ साली झाला, यावरून ती किती चिवट होती ते समजावे.

एवढे काम करणाऱ्यांना काय मिळत असे? सालदाराला सालाची ठरलेली रक्कम, महिन्याची ज्वारी, एक घोंगडी, एक जोडा. अडीअडचणीला घेतलेली उचल सालात वळती व्हायची, आणि ती फिटेपर्यंत दुसरे साल लागलेले असायचे. मोलकरणीला उरलेले अन्न, दिवाळीला लुगडे. न्हाव्या-धोब्याला बलुते. घरातल्या सुनांना यातले काहीच नाही; त्यांचे काम हे काम आहे असे कोणाला वाटतच नसे. एका म्हाताऱ्या कामकरणीने मला हा सगळा हिशेब एका वाक्यात सांगितला होता : "भाऊ, वाड्यात राहनारे चार, अन् झाडनारे धा." वाडा स्वस्तात उभा होता याचे कारण त्या दहांची मजुरी कधी वहीत चढलीच नाही.

हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडातल्या जमीनदारांची अजस्र घरे अशाच हातांवर चालत. १९१४ च्या महायुद्धात मोलकरणी दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या, तेथे त्यांना रोख मजुरी आणि सुटीचा दिवस मिळाला, आणि युद्धानंतर त्यांच्यातल्या अनेकींना परतायची इच्छा उरली नाही. त्यात वारसाकर वाढला. शेकडो घरे पाडली गेली. काही वाचावीत म्हणून १९३७ साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेला ती ताब्यात घेण्याची कायद्याने सोय करून द्यावी लागली. तिथल्या मालकांची तक्रार शब्दशः हीच होती.

आपल्याकडे हात एकदम गेले नाहीत, एकेक करून गेले. प्रथम रुळांकडे आणि जिनाकडे. जिनात मजुरी कमीच होती, हंगामापुरती होती. पण ती रोख होती, आणि संध्याकाळी भोंगा झाला की घरी जाता येई. वाड्यात भोंगा नसतो. त्यानंतर आली पिठाची चक्की. तिचे उपकार आपल्या इतिहासकारांनी पुरेसे लिहिलेले नाहीत. पहाटे चारला जात्यावर बसणाऱ्या बाईला तिने दोन तासांची झोप दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर वऱ्हाडातल्या वस्त्यावस्त्यांनी मेलेली गुरे ओढण्यापासून सगळी गावकीची कामे टाकली. वाड्यात निरोप घेऊन धावणारा, रात्री देवडीवर बसणारा माणूस त्या वर्षांत उठून गेला, तो पुन्हा आला नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली. वि. स. पागे यांची ही कल्पना १९७७ साली कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आली. खडी फोडणे हे काही सुखाचे काम नव्हे. पण ज्या बाईला 'हे नको, मी हमीवर जाते' असे म्हणता येते, तिच्याशी बोलताना मालकिणीला आवाज खाली आणावा लागतो. किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून कागदावर होता. त्याला गावात दात फुटले ते हमीच्या कामामुळे, असे माझे मत आहे.

दुसरीकडे ज्वारीची कणगीही आटली. वाडा धान्यावर चालत होता आणि धान्य जमिनीतून येत होते. १९५१ चा वऱ्हाडचा पट्टेदारीचा कायदा, १९५८ चा विदर्भाचा कुळकायदा, १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा, आणि १९७५ साली त्याची मर्यादा कोरडवाहूला ५४ एकरांपर्यंत खाली आली. कायद्याला पळवाटा होत्या, नावांवर नावे चढवली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी चार भावांत ती जमीन वाटली गेली म्हणजे एकेकाच्या वाट्याला येणाऱ्या ज्वारीवर सालदार पोसता येईना. मग पुढच्या खोल्या भाड्याने दिल्या : मास्तरांना, पटवाऱ्याला, कोठे पोस्टाला. त्यावर १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडेनियंत्रणाचा हुकूम होता, तो २००० सालापर्यंत चालला. भाडेकरूला त्याने आधार दिला, आणि तो हवाच होता. पण त्या भाड्यात कवेलू फेरून होत नसत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आणि सुना. आपल्या बोलीत 'वायले निघणे' असा शब्द आहे. पूर्वी वायले निघणे म्हणजे घरात भांडण झाले असा अर्थ. मागाहून त्याचा अर्थ नवऱ्याला नोकरी लागली असा झाला. रेल्वेचे क्वार्टर दोन खोल्यांचे, पण नळ दाराशी आणि सासू दूर. लहान घराची गोडी वऱ्हाडातल्या बायांनी प्रथम क्वार्टरमध्ये चाखली. मात्र ते घर आपले नव्हते. ८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वेचा संप झाला, वीस दिवस चालला, आणि त्या काळात संपकऱ्यांच्या बायकापोरांना क्वार्टरबाहेर काढण्याचे प्रकार घडले. लहान घर सोयीचे खरे, परंतु किल्ली कोणाच्या हातात हा प्रश्न घर लहान झाल्याने सुटत नाही. निवृत्तीचे पैसे हाती येताच रेल्वेवाला आधी प्लॉट का शोधतो, ते यातून कळावे.

रो-हाऊस हे त्या क्वार्टरचेच मालकीचे भावंड. नळ, गॅस, स्लॅब, फ्लश, मिक्सर : दोन माणसांच्या हातांनी चालेल असे घर. मी त्याला नावे ठेवणार नाही. मे महिन्यात स्लॅबखाली कूलर लावून निजणाऱ्याला मातीच्या दोन हात रुंद भिंतीची आठवण येते ती येवो. त्या भिंती छाबणारीला ती येत नाही. पण रो-हाऊसमध्ये माणूस लागत नाही म्हणाल, तर तेही खरे नाही. सकाळी आठला भांडी-फरशीला बाई येतेच. फरक असा, की ती एका दारी दिवसभर नसून सहा दारी अर्धा-अर्धा तास असते. महिन्याचे पैसे ठरवून घेते, ही चांगली गोष्ट; आजारी पडली की ते पैसे कापले जातात, ही वाईट. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी म्हणजे पगारी सुटी नव्हे; तरी आपल्या घरी येणाऱ्या बाईची नोंद आहे काय, एवढी चौकशी साईनगरात गेलेल्या चांदूरकरांनी करायला काय हरकत आहे?

आता विक्रीकडे येतो, कारण सध्या माझ्याकडे येणारी माणसे त्या पायी येतात. वाड्याच्या कागदावर तिसऱ्या पिढीत वीस-वीस, तीस-तीस नावे असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला, पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने सांगितले की, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलीने मागायची नाही. पुरुष वारस वाटणी करतील तेव्हाच तिचा हक्क उभा राहील. कुमारिका, विधवा, टाकलेली असेल तर राहण्यापुरती जागा. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मतः सहदायाद केले, आणि २००५ साली ते २३ वे कलम अखेर काढून टाकण्यात आले. जे घर तिने लहानपणी सारवले ते वाटून मागायला तिला जवळजवळ पन्नास वर्षे थांबावे लागले. आणि आता वाडा विकताना तिला माहेरी जेवायला बोलावतात, साडी-चोळी करतात, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही घेतात. स्वखुशीने करणारीही असते, तिला माझा विरोध नाही. पण सहीपूर्वी तो कागद वाचून दाखवा, एवढे मी प्रत्येक ठिकाणी म्हणतो, आणि त्यामुळे काही घरांतला माझा चहा बंद झाला आहे.

राहता राहिले वाड्याच्या मागचे लोक. परसात, गोठ्याच्या कडेला, मोलकरणीला किंवा सालदाराला 'राहा येथेच' म्हणून कोणा आजोबांनी जागा दिलेली असते. कागद नाही, तोंडी. तीन पिढ्या तेथे नांदल्या. मुंबईच्या १९४८ च्या कुळकायद्याने कुळाच्या राहत्या घराखालच्या जागेचा विचार केला; पण वाडा झाडणारी बाई कोणाचीच कूळ नव्हती. सरकारी घरकुल मागायला गेले तर पहिला प्रश्न जागा कोणाची. घेणारा बिल्डर करारात लिहून घेतो की जागा मोकळी करून मिळावी. देणाऱ्याला रो-हाऊसचा हप्ता भरायचा असतो. झोपडीवाल्याच्या हातावर काही हजार ठेवले जातात, कोठे तेवढेही नाही, आणि सागवानी खांब मात्र नगावर भाव ठरवून, पोलिश करून, शहरातल्या हॉटेलांसाठी नेले जातात.

अशांना मी सांगतो की असतील नसतील ते कागद शोधा. विजेचे बिल, नगरपरिषदेच्या कराची पावती, जुने रेशनकार्ड, पोराच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता. वाडेवाल्यांनाही सांगतो की विक्रीच्या मसुद्यात मागच्या दोन-तीन गुंठ्यांपुरते एक कलम आधीच घाला, बिल्डर त्यासाठी सौदा मोडत नाही. दोन ठिकाणी हे जमले. एका ठिकाणी ज्या घरमालकीणबाईंनी हट्ट धरून ते कलम घालायला लावले, त्या आता अमरावतीला राहतात. त्यांच्याकडे भांड्यांना येणारी बाई त्याच परसातल्या मोलकरणीची नात आहे, आणि महिन्यातून चार दिवस ती सुटी घेते, पैसे न कापता.